ज्यांच्यावर सिनेमा, त्यांनाच प्रवेश बंद

स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या मुखाजवळ ग्रीनॉक नावाचं गाव आहे. एके काळी जहाजबांधणीवर जगणारं आणि गोद्या बंद पडल्यावर बेकारीत गेलेलं. केन लोच या ब्रिटिश दिग्दर्शकाने तिथल्या एका पोरावर २००२ साली ‘स्वीट सिक्स्टीन’ हा चित्रपट केला. पोराचं नाव लियम. सोळावा वाढदिवस तोंडावर आलेला, आई तुरुंगात. ती सुटून येईल तेव्हा तिच्यासाठी नदीकाठी एक छोटंसं घर असावं, एवढंच त्याचं स्वप्न. त्यासाठी पैसे हवेत आणि त्या गावात त्या वयाच्या पोराला झटपट पैसे मिळतात ते गर्द विकून.

चित्रपटाच्या सुरुवातीलाच तुरुंगातल्या भेटीचा प्रसंग येतो. आईचा मित्र आणि लियमचे आजोबा त्याला सांगतात, तोंडात पुडी लपवून ने आणि आईचा मुका घेताना तिच्या तोंडात दे. पोरगा नकार देतो. त्याबद्दल परतीच्या वाटेवर मार खातो. म्हणजे आजूबाजूची मोठी माणसं जे करायला निघाली आहेत, ते चूक आहे हे त्या गोतावळ्यात फक्त या पंधरा वर्षांच्या पोराला कळतं.

ब्रिटनच्या प्रमाणन मंडळाने या चित्रपटाला ‘१८’ दिलं. मुख्य अडचण शिव्यांची होती. ग्रीनॉकची पोरं जशी बोलतात तशीच ती चित्रपटात बोलतात, आणि मंडळाच्या नियमांत तेवढ्या शिव्या ‘१५’ मध्ये बसत नव्हत्या. म्हणजे लियमच्या वयाच्या मुलांना लियमची गोष्ट पाहता येणार नव्हती. पण ब्रिटनमध्ये एक सोय आहे: थिएटरात काय दाखवायचं याचा कायदेशीर अधिकार शेवटी स्थानिक कौन्सिलकडे असतो, मंडळाचं प्रमाणपत्र ती सहसा जसंच्या तसं मान्य करते, एवढंच. ग्रीनॉक ज्या इन्व्हरक्लाइड कौन्सिलच्या हद्दीत येतं, तिने हा अधिकार वापरला आणि आपल्या हद्दीपुरतं प्रमाणपत्र ‘१५’ केलं. जिथली ती पोरं, तिथल्या पोरांना चित्रपट पाहता आला. बाकी देशात नाही.

शहरातल्या किशोरवयीन मुलांच्या खडतर आयुष्यावरचा चित्रपट आला की प्रेक्षक असेच विभागले जातात. कुणाला तो डोळे उघडणारा वाटतो, कुणाला किळसवाणा, कुणाला आपल्या वस्तीची बदनामी. ही भांडणं वरवर चित्रपटाच्या दर्जावरची दिसतात. मला मात्र ती पडद्यावरच्या पोरांपासून आपण किती लांब बसलो आहोत यावर ठरतात असं वाटतं. ते कसं, हे जरा सविस्तर बघू.

आधी या चित्रपटांचा धक्का इतका जोरात का बसतो, ते. खुनाखुनीचे, टोळीयुद्धाचे चित्रपट आपण लहानपणापासून पाहतो, पण त्यांचा त्रास होत नाही, कारण नायक ओळखीचा नट असतो आणि मारामारीला पार्श्वसंगीत असतं. या जातीचा चित्रपट ते सगळे आधार काढून घेतो. अनोळखी चेहरे, खरी वस्ती, खरी बोली, हातात धरलेला कॅमेरा. लियमचं काम करणारा मार्टिन कॉम्प्स्टन त्याच भागातला, फुटबॉल खेळणारा, आधी कधी अभिनय न केलेला मुलगा होता. लोच चित्रपट गोष्टीच्या क्रमानेच चित्रित करतात आणि पुढे काय होणार हे नटांना पूर्ण सांगत नाहीत, त्यामुळे चेहऱ्यावरचं आश्चर्य पुष्कळदा खरंच असतं. रिओ दि जानेरोच्या वस्तीवरच्या ‘सिटी ऑफ गॉड’साठी तिथल्या वस्त्यांतल्याच मुलांना कित्येक महिने कार्यशाळेत तयार केलं होतं.

याचा परिणाम असा, की प्रेक्षक त्याला गोष्ट म्हणून बघायचं सोडून बातमी म्हणून बघू लागतो. ‘जमला का?’ हा नेहमीचा प्रश्न मागे पडतो आणि ‘हे खरं आहे का?’ हा प्रश्न पुढे येतो. गंमत अशी की तो खरेपणाही घडवलेलाच असतो. कॅमेरा कुठे ठेवायचा, कुठला दिवस दाखवायचा, कुठल्या पोराच्या मागे जायचं, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. त्याच गल्लीत दहावीचा अभ्यास करणारी पोरगीही असते, तिच्या मागे कॅमेरा गेलेला नसतो. हे विसरलं की भांडण सुरू होतं. एक जण म्हणतो, हेच वास्तव. दुसरा म्हणतो, आमच्याकडे असं काही नाही. दोघेही एका निवडलेल्या तुकड्याबद्दल बोलत असतात.

अंतराची गोष्ट मला सगळ्यात स्पष्ट दिसली ती ‘ला हेन’ या फ्रेंच चित्रपटात. १९९५ सालचा, कृष्णधवल, माथ्यू कासोवित्झ यांचा. एप्रिल १९९३ मध्ये पॅरिसच्या एका पोलीस ठाण्यात मकोमे म्बोवोले हा सतरा वर्षांचा मुलगा चौकशीदरम्यान पोलिसाच्या गोळीने मेला. त्या घटनेवरून कासोवित्झ यांना चित्रपट सुचला. गोष्ट पॅरिसबाहेरच्या सरकारी इमारतींच्या वसाहतीतल्या तीन तरुण मित्रांची, एका ज्यू, एका अरब आणि एका कृष्णवर्णीय मुलाची. आदल्या रात्री वस्तीत दंगल झालेली, त्यानंतरचे चोवीस तास.

त्यात एक छोटा प्रसंग आहे. तिघे जण खोलगट मैदानात बसलेत. वर रस्त्यावर टीव्हीवाल्यांची गाडी येऊन थांबते. खिडकीतून कॅमेरा बाहेर येतो आणि पत्रकार बाई गाडीतूनच ओरडून विचारते, तुम्ही होतात का दंगलीत, काही फोडलंत का, जाळलंत का? पोरं चिडतात. गाडीतून उतरत का नाही, असं विचारतात. हे काही थ्वारी नाही, असं एक जण सुनावतो. थ्वारी म्हणजे पॅरिसजवळचं, गाडीत बसून प्राणी बघत जायचं प्राणिसंग्रहालय. कॅमेरा आपल्याला पोरांच्या बाजूने वर बघायला लावतो, पण थिएटरात बसलेल्या बहुतेकांची खरी जागा त्या गाडीत असते. हे दिग्दर्शकाला पक्कं ठाऊक आहे आणि म्हणूनच तो प्रसंग तिथे आहे.

चित्रपटाला कान महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. तिथे बंदोबस्ताला असलेल्या पोलिसांनी चित्रपटाच्या मंडळींकडे पाठ फिरवली, ही बातमी तेव्हा गाजली. दुसरीकडे तेव्हाचे पंतप्रधान आलँ ज्यूपे यांनी आपल्या मंत्र्यांसाठी चित्रपटाचा खास खेळ लावला. एकच चित्रपट पोलिसांना अपमान वाटला, मंत्रिमंडळाला अभ्यासाचं साहित्य वाटला आणि वसाहतींतल्या पोरांना कुणीतरी आपलं बोलल्यासारखा वाटला. प्रत्येकाने आपापल्या जागेवरून पाहिला.

आता या सगळ्या प्रतिक्रियांत जी सगळ्यात मोठ्याने ऐकू येते तिच्याकडे वळतो: ‘असले सिनेमे बघून पोरं बिघडतील.’

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ साली एक निरीक्षण मांडलं. माणसाला वाटतं की माध्यमांचा परिणाम आपल्यावर फारसा होत नाही, इतरांवर मात्र होतो. अभ्यासक याला ‘तृतीयपुरुषी परिणाम’ म्हणतात. परिणाम ना माझ्यावर, ना तुझ्यावर, परिणाम ‘त्यां’च्यावर. डेव्हिसन यांनी दुसऱ्या महायुद्धातला एक किस्सा सांगितला आहे. इवो जिमा बेटावर अमेरिकेची एक तुकडी होती, सैनिक कृष्णवर्णीय, अधिकारी गोरे. जपान्यांनी तिच्यावर पत्रकं टाकली: हे गोऱ्यांचं युद्ध आहे, तुम्ही कशाला मरता? दुसऱ्या दिवशी ती तुकडी तिथून हलवण्यात आली. पत्रकांमुळे सैनिकांचं मन डळमळल्याचा काही पुरावा नव्हता. परिणाम झाला होता तो अधिकाऱ्यांवर, कारण सैनिकांवर परिणाम होईल असं त्यांना वाटलं.

नंतरच्या अनेक अभ्यासांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. ‘ते’ आपल्यापासून जितके लांबचे, तितका त्यांच्यावर जास्त परिणाम होईल असं आपल्याला वाटतं. माझ्या मुलावर थोडा, त्याच्या वर्गातल्या मुलांवर जरा जास्त, पलीकडच्या वस्तीतल्या मुलांवर तर खूपच. आणि हा फरक ज्यांच्या मनात मोठा, त्यांचा कल बंदी आणि निर्बंधांकडे जास्त.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशा चित्रपटाची चर्चा निघाली की ती याच वळणाने जाते. ‘आपण समजून घेऊ शकतो हो, पण त्या लोकांच्या पोरांना काय कळणार?’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, काळजीच असते. पण ती काळजी दुसऱ्याच्या पोरांबद्दलचा निकालही देऊन टाकते, आणि हे बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आपल्या कायद्यातही ही काळजी मुरलेली आहे. १९७० साली सर्वोच्च न्यायालयापुढे ख्वाजा अहमद अब्बास यांचा खटला आला. चार शहरांवरच्या त्यांच्या लघुपटात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्यं होती आणि त्यावर सेन्सॉरने हरकत घेतली होती. न्यायालयाने पूर्वप्रमाणन, म्हणजे चित्रपट दाखवण्याआधी प्रमाणपत्र घेण्याची सक्ती, वैध ठरवलं. चित्रपट इतर कुठल्याही कलेपेक्षा भावना जास्त खोलवर ढवळतो आणि मुलांवर व किशोरांवर त्याचा परिणाम विशेष होतो, असं निकालात म्हटलं आहे. त्याच निकालात दुसरीही गोष्ट आहे जी सहसा कुणी सांगत नाही: समाजातल्या सगळ्यात विकृत माणसाला जपायचं म्हणून निरोगी मनाच्या माणसांनी काय पाहावं हे ठरू नये, अशा बेताने कसोट्या आखा.

मग खरंच परिणाम होतो का? होतो, पण आपण समजतो तसा सरळ होत नाही. गॉर्डन डाल आणि स्तेफानो देलाविन्या या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतली १९९५ ते २००४ ही दहा वर्षं तपासली. ज्या दिवशी हिंसक चित्रपटांना मोठी गर्दी, त्या दिवशी हल्ल्यांचे गुन्हे वाढतात का, एवढाच त्यांचा प्रश्न. उत्तर उलटं आलं. दर दहा लाख प्रेक्षकांमागे त्या संध्याकाळी हिंसक हल्ले एक टक्क्याहून थोडे जास्त कमी झाले होते. मध्यरात्रीनंतरच्या तासांतही घट दिसली. कारण साधं आहे. हिंसक चित्रपटाला जाणाऱ्यांत तरुण पुरुष जास्त, आणि एरवी ते ज्या वेळी दारू पीत बाहेर असते त्या वेळी ते खुर्चीत बसलेले होते. बाहेर पडले तेही न पिता. हा हिशेब त्या रात्रीपुरता आहे. वर्षानुवर्षं असं बघून मन कसं घडतं, हे यातून कळत नाही, आणि तसा दावा त्या दोघांनीही केलेला नाही. पण ‘पिक्चर सुटला आणि पोरं सुरे घेऊन बाहेर पडली’ हे आपल्या डोळ्यांपुढचं चित्र मात्र त्याने बरंच खोटं ठरतं.

तरी ते चित्र टिकून आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये लंडनच्या दोन भागांतल्या पोरांच्या वैरावरचा ‘ब्ल्यू स्टोरी’ हा चित्रपट ब्रिटनमध्ये लागला. दिग्दर्शक रॅपमन स्वतः त्याच भागात वाढलेला, आणि सगळा चित्रपट हेच सांगणारा की पिन कोडवरून चाललेली ही वैरं पोरांचा जीव घेतात. लागल्याच्या दुसऱ्या दिवशी बर्मिंगहॅमच्या एका मल्टिप्लेक्सच्या आवारात तरुणांच्या टोळक्यात हाणामारी झाली, कोयते निघाले. तिथे लहान मुलांना घेऊन कार्टूनपट बघायला आलेले आईबापही होते, त्यांची तारांबळ उडाली. थिएटरांच्या दोन मोठ्या साखळ्यांनी चित्रपट लगेच उतरवला. आम्ही तसं सांगितलेलं नाही, असं पोलिसांनी जाहीर केलं. काही दिवसांत तो पुन्हा लावला गेला, पण ‘हाणामारी घडवणारा चित्रपट’ ही ओळख त्याला चिकटली. १९९१ साली लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय पोरांवरच्या ‘बॉइझ एन द हूड’च्या पहिल्या रात्री अमेरिकेत हेच झालं होतं. काही थिएटरांबाहेर गोळीबार, मग चित्रपटाकडे बोटं. तो चित्रपट संपताना पडद्यावर उमटणारी ओळ शांततेचं आवाहन करणारी आहे.

एका बाबतीत मात्र घाबरणाऱ्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं: आत्महत्येचं चित्रण. आत्महत्येची पद्धत तपशिलात दाखवणं धोक्याचं आहे, यावर मानसोपचार क्षेत्रात बरंच एकमत आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याबद्दल मार्गदर्शनही केलेलं आहे. शाळकरी मुलीच्या आत्महत्येवरची एक अमेरिकन मालिका २०१७ साली आली, तेव्हा त्यानंतरच्या महिन्यात तिथल्या १० ते १७ वयोगटातल्या आत्महत्या वाढल्याचं एका अभ्यासात दिसलं. त्या आकडेमोडीवर दुसऱ्या अभ्यासकांनी आक्षेपही घेतले. पण मालिकेतला आत्महत्येचा प्रसंग ती दाखवणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये स्वतःच काढून टाकला आणि ते योग्यच झालं. म्हणजे ‘विषय दाखवावा की नाही’ यापेक्षा ‘कसा दाखवावा’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

आपल्याकडचा अगदी जवळचा दाखला म्हणजे जानेवारी २०२२ मधला ‘नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा’. मूळ कथा जयंत पवारांची, दिग्दर्शन महेश मांजरेकरांचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तो संप रीतसर कधी मिटलाच नाही आणि गिरण्यांच्या जागी हळूहळू टॉवर आले. त्या घरांतल्या पुढच्या पिढीच्या पोरांचं काय झालं, ही पवारांच्या लेखनाची कायमची विचारणा. चाळीतली, बाप हरलेली, भविष्य नसलेली पोरं.

वाद पेटला तो चित्रपट लागायच्या आधी, ट्रेलरवरून. अल्पवयीन मुलांच्या तोंडी आणि वाट्याला आलेल्या काही दृश्यांवर आक्षेप आला, राष्ट्रीय महिला आयोगाने केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला पत्र लिहिलं, ती दृश्यं ट्रेलरमधून काढल्याचं निर्मात्यांकडून सांगण्यात आलं, पुढे पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली गुन्हाही नोंदवला गेला. चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र होतं.

इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आणि चर्चेत ते कधीच सुटे झाले नाहीत. पहिला ट्रेलरचा. ‘ए’ प्रमाणपत्र थिएटरच्या दारावर चालतं, तिथे वय विचारता येतं. यूट्यूबवरचा ट्रेलर त्या दाराबाहेर असतो आणि तो आठवीतल्या मुलाच्या मोबाइलवर आधी पोहोचतो. तिथे जे आणि जेवढं दाखवलं जातं ते गिऱ्हाईक ओढण्यासाठी निवडलेलं असतं. दीडदोन तासांच्या गोष्टीतून सगळ्यात भडक दोन मिनिटं काढली, की त्या पोरांचं दुःख गळून पडतं आणि फक्त भडकपणा उरतो. ट्रेलरवर चिडलेल्या माणसाला ‘आधी पूर्ण चित्रपट बघा’ असं म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. त्याने जे पाहिलं त्यावरच तो चिडला, आणि ते त्याच्यापुढे निर्मात्यांनीच ठेवलं होतं.

दुसरा प्रश्न चित्रपटाचा. त्यातल्या मुलांच्या वाट्याला जे येतं त्याला जबाबदार कोण, संप, गिरणीमालक, सरकार, की नुसतीच ‘वाया गेलेली पोरं’? ट्रेलरच्या धुरळ्यात हा प्रश्न जवळजवळ कुणी विचारलाच नाही. गिरणगावाबद्दलच्या चित्रपटावर महाराष्ट्रभर बोललं गेलं आणि त्यात गिरणगाव फार थोडं होतं.

आपल्याकडे ‘ए’ म्हणजे अठरा पूर्ण झाल्याशिवाय प्रवेश नाही. पालक सोबत असले तरी नाही. १९८३ पासून ‘यूए’ हा मधला वर्ग आहे आणि २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर, २०२४ च्या नियमांनुसार, त्याचे तीन भाग झाले आहेत: ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. हे वय पालकांना सूचना म्हणून आहे, मूल पालकांच्या मार्गदर्शनाखाली चित्रपट पाहू शकतं. मला ही चांगली सुधारणा वाटते. किशोरवयावरच्या गंभीर चित्रपटाला थोडी कात्री सोसून का होईना, ‘१६ वर्षांवरील’ मध्ये जागा मिळू शकते. पण आपल्याकडे इन्व्हरक्लाइडसारखी स्थानिक वाट नाही. प्रमाणपत्र सगळ्या देशाला एकच. आणि निकाल मान्य नसेल तर जिथे अपील करता यायचं तो न्यायाधिकरणही २०२१ मध्ये बंद झाला, त्यामुळे आता थेट उच्च न्यायालय. छोट्या निर्मात्याला ते परवडत नाही. तो ‘ए’ घेतो आणि गप्प बसतो. मग त्या चित्रपटाचा खरा प्रेक्षक, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, तो पाहतो तो टेलिग्रामवरून, तुकड्यातुकड्यांत, एकट्याने, हेडफोन लावून. ज्या चित्रपटावर घरात बोलणं सगळ्यात गरजेचं, त्यावर बोलायला कुणी शेजारी नसतं, आणि आईबापांना विचारायचं तर आधी चोरून पाहिल्याचं कबूल करावं लागतं.

वस्तीतल्या माणसांची तक्रार या सगळ्यापेक्षा वेगळी आहे आणि तिच्याकडे मी फार गांभीर्याने बघतो. ‘सिटी ऑफ गॉड’ ही कादंबरी लिहिणारे पाउलो लिन्स त्याच वस्तीत वाढले. २००२ च्या चित्रपटाला जगभर डोक्यावर घेतलं गेलं, २००४ मध्ये ऑस्करची चार नामांकनं मिळाली. आणि त्याच वस्तीतला रॅप गायक एमव्ही बिल याने जाहीरपणे विरोध केला. त्याचं म्हणणं होतं की या चित्रपटाने वस्तीला काही दिलं नाही, उलट इथल्या माणसांवरचा शिक्का आणखी गडद केला. दोघेही आतले, दोघेही खरं बोलणारे. ‘आतल्या माणसाला तर आवडलं ना’ किंवा ‘आतला माणूस तर चिडला ना’ या युक्तिवादाने म्हणूनच काही सिद्ध होत नाही. बाहेरच्या प्रेक्षकाला चित्रपट आवडून तो घरी जातो. वस्तीतल्या पोराला दुसऱ्या दिवशी नोकरीच्या मुलाखतीत पत्ता सांगावा लागतो. लालबाग, परळ, धारावी, मालवणी, गोवंडी असा पत्ता सांगताना समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे तिथल्या मुलांना विचारावं.

शेवटी पडद्यावर काम करणारी मुलं. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांत त्यांचा विचार सगळ्यात कमी असतो, आणि माझ्या मते तोच आधी यायला हवा. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्केटबोर्डवाल्या पोरांवर ‘किड्स’ नावाचा चित्रपट आला. रस्त्यावरची खरी पोरं त्यात घेतली होती. जगभर वाद झाला: हा इशारा आहे की शोषण? २०२१ मध्ये त्या मंडळींवर एक माहितीपट आला, त्यातली काही तेव्हा चाळिशीत. चित्रपट गाजला, आपण मात्र मागे राहिलो, ही त्यांची खंत त्यात ऐकू येते. पंचवीस वर्षं सगळे प्रेक्षकांवर काय परिणाम होईल यावर भांडत राहिले, पण त्या पोरांवर झालेला परिणाम विचारायला इतका उशीर लागला.

भारतात २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त कामावर ठेवता येत नाही आणि त्याच्या कमाईचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगीही लागते. हे नियम तास आणि पैसे मोजतात. अवघड प्रसंगाच्या चित्रणानंतर त्या मुलाशी कोण बोललं, हे मोजायची सोय त्यांत नाही.

ती जबाबदारी घेता येते, हे मुंबईतच एकदा दिसलं आहे. १९८८ मध्ये मीरा नायर यांनी रस्त्यावरच्या मुलांना घेऊन ‘सलाम बॉम्बे’ केला आणि त्यातूनच त्याच वर्षी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. रस्त्यावरच्या मुलांसाठीचं त्याचं काम मुंबईत आणि दिल्लीत आजही चालू आहे. एखादा चित्रपट पाहून अंगावर काटा आला, की मी हल्ली श्रेयनामावलीत बालकलाकारांची नावं शोधतो आणि त्यांच्या शाळेचं, देखभालीचं काय केलं याबद्दल निर्मात्याने कुठे काही सांगितलं आहे का, ते बघतो. बहुतेक वेळा काही सापडत नाही.